पाच मोजले काय?

ठोसर पहिल्यांदा आमच्या अमरावतीच्या घरी आले तेव्हा मी दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला काढल्या, शर्टाच्या खिशातून वीज मोजायचा मल्टिमीटर काढला, सोफ्यामागच्या प्लगमध्ये त्याच्या दोन्ही तारा खुपसल्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत तसेच ओणवे राहिले. मग वळून म्हणाले, "दोनशे एकवीस. ठीक आहे. आता द्या पानी."

माझा नवरा तेवढ्यात आतून बाहेर आला. त्याला वाटलं मीटर रीडिंगवाला आलाय. त्याने विचारलं, "बिल जास्त आलं होतं त्याचं काय झालं?" ठोसरांनी त्याला पंधरा मिनिटं त्याचं कारण समजावून सांगितलं. दोघांपैकी कोणालाच काही चुकतंय असं वाटलं नाही.

गोपाळ ठोसर आमच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक होते, आणि मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ते राहायचे अकोल्याला. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटोने कॉलेज, संध्याकाळी पुन्हा उलट. वीसेक वर्षं हे अपडाऊन चाललं होतं. उंच, वाळका माणूस. पांढरा बुशशर्ट. त्या मीटरच्या वजनाने खिसा कायम खाली ओढलेला, त्यामुळे सगळा माणूसच डावीकडे कललेला वाटायचा. लोक भेटल्यावर रामराम म्हणतात, हे म्हणायचे, "मोजलं काय?" काय मोजलं ते समोरच्याने आपापलं समजून घ्यायचं.

परतवाड्याला आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न होतं. सगळे नवरदेवाला भेटायला स्टेजकडे आणि ठोसर जनरेटरकडे. पाच मिनिटांत मांडवातले सगळे दिवे गेले. यांनी बंद करायला लावले होते. जनरेटरवाला शिव्या देत होता, हॉलचा मालक धावत आला, वरमाय रडायच्या बेतात. ठोसर शांतपणे मीटर वर धरून उभे. "दोनशे बहात्तर देऊन राहिला हा. अजून घंटाभर चालू ठेवा, एक बल्ब राहिला तर मले सांगा." जेवणं मोबाईलच्या उजेडात झाली. बल्ब मात्र वाचले.

"नंतर मोजतो" हे वाक्य त्यांना चालायचं नाही. कोणी विद्यार्थी तसं म्हणाला की ते त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे. "नंतर कायले? मी बसलो ना. मोज." आणि तो मोजेपर्यंत उठायचे नाहीत, मधली सुट्टी झाली तरी. आमचा एक माजी विद्यार्थी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात लागला. तिथल्या सुपरवायझरने कॉलेजात फोन करून तक्रार केली की तुमचा पोरगा मोजल्याशिवाय यंत्राला हातच लावत नाही, याला शिकवलं कोणी? प्राचार्यांनी फोन ठोसरांना दिला. ठोसरांचा चेहरा असा फुलला, की जणू बक्षीसच मिळालं.

दुसरी खोड फोनची. त्यांचा फोन वाजला की पहिल्या रिंगलाच उचलायचे. तोंडात घास असो, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी असो. कर्ज हवं का विचारणाऱ्या मुलींचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. "आपका नंबर चुना गया है" सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाजसुद्धा पूर्ण ऐकायचे. एकदा प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये फोन वाजला. हे सगळ्यांसमोर उभे राहिले आणि दोन मिनिटं फोन कानाला लावून होते. प्राचार्य म्हणाले, "ठोसर, मीटिंग चालू आहे." हे म्हणाले, "फोन वाजून राहिला होता सर." कोणाचा होता? तर कॉलर ट्यून बदला म्हणून सांगणाऱ्या यंत्राचा. 

त्याची नक्कल मी स्टाफरूममध्ये करून दाखवायची. कान, मान, उभं राहणं, सगळं. लोक पोट धरून हसायचे. ते आठवलं की आज मला स्वतःची लाज वाटते.

आमची ओळख भांडणाने झाली. मी नवीन होते आणि तशी तापट बाई आहे. लॅबमध्ये फळ्यावर शिकवत होते. विषय साधाच. आमच्या चिपला उष्णता, उजेड, ओल यांतलं काही कळत नाही. सेन्सर तिला थोडं व्होल्टेज पाठवतो. ते ती आपल्या सप्लायशी, म्हणजे तिला चालवणाऱ्या विजेशी, ताडून पाहते आणि शून्य ते एक हजार तेवीस यांतला एक आकडा सांगते. त्या आकड्याचे पुन्हा व्होल्ट करायचे असतील तर सप्लायने गुणायचं आणि एक हजार तेवीसने भागायचं. सप्लाय पाच व्होल्ट. पुस्तकात पाच, इंटरनेटवर पाच, माझ्या वहीत पाच. मी फळ्यावर पाच लिहिलं.

मागून आवाज आला, "मॅडम, पाच मोजले काय?"

मी म्हटलं, "मोजायचे काय त्यात? पाचच असतात."

"असतीन. पाहू द्या." ते पुढे आले, मीटरच्या तारा बोर्डाला लावल्या आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चार पॉइंट सात एक."

वर्ग हसला. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी ते दोन कप चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तुमी ज्वारी मोजून राहिल्या असं समजा. मापटं खालून चेपलं, लहान झालं. ज्वारी तेवढीच आहे, पन मापटी जास्त भरतीन. तुमी म्हनसान, बाप्पा, ज्वारी वाढली! ज्वारी कायची वाढते? मापटं आटलं. सप्लाय म्हंजे आपलं मापटं. तो खाली गेला का आकडा वर जाते, अन् आपल्याले वाटते गरमी वाढली." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "अन् लोकं भांडतेत कशावर? भागाचं हजार तेवीसनं का हजार चोवीसनं! एका आकड्यासाठी मारामारी, अन् पाच कोनी मोजूनच नाई राहिलं."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अकोल्याला जठारपेठेत एकटे राहायचे. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस. आई गेली आणि पुढच्याच दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण तिची धार गेली नाही. अमरावतीला चला म्हटलं तर म्हणायचे, "अमरावतीले काय ठेवलं? मले माह्या खोलीत राहू दे." दिवसभरासाठी दोन बाया ठेवून पाहिल्या. दोघींना त्यांनी उलटतपासणी घेऊन पळवून लावलं. शेजारच्या कमलकाकू सकाळ-संध्याकाळ सगळं बघायच्या, पण दुपारी त्या शिवणवर्गावर असत. बारा ते पाच अण्णा एकटे. पलंगावरून स्वतःहून उठता येत नाही. उशाला फोन ठेवला होता, पण डाव्या हाताने त्यांना तो धड धरता यायचा नाही.

थंडीत याचं काही वाटलं नाही. फेब्रुवारी संपत आला तशी मला झोप लागेनाशी झाली. अकोल्याचा उन्हाळा आम्ही जन्मापासून पाहिलाय. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद खोलीत कूलर थांबला, तर तो माणूस तिथेच पडल्या पडल्या भाजून निघेल आणि संध्याकाळी काकू येईपर्यंत कोणाला कळणारही नाही. मला एवढंच हवं होतं की तसं झालं तर कोणीतरी मला सांगावं.

मी ठोसरांना म्हटलं, "खोलीतलं तापमान बेचाळीसच्या वर गेलं की मला फोन येईल असं काहीतरी करून द्या. चिप, सेन्सर आणि सिम घालायचा बोर्ड, एवढंच लागेल."

ते हातातली वायर सोलत राहिले.

"खोलीत कोन राह्यते?"

"वडील. पक्षाघात झालाय."

"दुपारी एकटेच?"

"हो."

"करतो," ते म्हणाले. "पन मी म्हनीन तवाच लावाचं. त्याच्या आधी नाई."

आणि मग सुरू झालं. एका संध्याकाळी मी स्वतः करू शकले असते असं ते काम, पण ठोसरांनी त्याला दोन महिने लावले. दर रविवारी सकाळी दहाला ते वही, मीटर आणि पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन अण्णांकडे हजर. दर अर्ध्या तासाने लाइनचं व्होल्टेज, सप्लायचं व्होल्टेज, खोलीचं तापमान. अण्णा पलंगावरून त्यांना विचारायचे, "तुमचा या खटल्याशी संबंध काय?" ठोसर म्हणायचे, "मी साक्षीदार." दोघांचं चांगलं गुळपीठ जमलं. मीसुद्धा रविवारी जायची आणि वही भरत चाललेली बघून आतल्या आत जळायची.

ठोसरांनी अखेर तो पाच व्होल्टांचा हिशोबच टाकून दिला. चिपच्या पोटात स्वतःचं एक लहान माप असतं, एक पॉइंट एक व्होल्टचं. बाहेरचा सप्लाय हलला तरी ते हलत नाही. त्याच्याशी ताडायचं ठरवलं. मी म्हटलं, झालं तर मग, आता लावा. ते म्हणाले, "कंपनी म्हनते एक पॉइंट एक. मी म्हनतो, दाखव." मोजलं तर निघालं एक पॉइंट शून्य आठ. त्यांनी मार्करने तो आकडा चिपच्या डोक्यावर लिहिला आणि पुढचे दोन रविवार तो बदलतो की काय ते पाहत बसले.

एप्रिलचा तिसरा रविवार. बाहेर ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अण्णा आतल्या खोलीत कूलरसमोर झोपले होते. मी आणि ठोसर बाहेर बसलो होतो. त्यांनी मीटरवरचा आकडा वाचला, "एकशे अडुसष्ट," आणि वहीत लिहिला. सगळ्या गावाचे कूलर सुरू झाले की आमच्याकडे लाइन अशीच बसते.

माझा धीर संपला. "ठोसर, ऊन चढलंय. उद्या लावून टाका, जे काही मोजायचं राहिलंय ते पुढच्या रविवारी मोजा."

ते काही बोलणार इतक्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी न बघताच कापला.

"कापला काहून?" ठोसरांचा आवाज एकदम वेगळाच आला.

"असाच कोणाचातरी असेल."

"पाह्यलं नाई, तर असाच कसा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वही मिटली, मीटर बंद केला. मीटर बंद करून बसलेले ठोसर मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"मंदेच्या खोलीत असंच लावलं होतं मी," ते म्हणाले.

मंदा त्यांची बायको. ती गेलेली आहे एवढं मला माहीत होतं. मी कॉलेजात लागण्याच्या आधीची ती गोष्ट, त्यामुळे कधी विचारलं नव्हतं.

"गाडीवरून पडली होती. कमरीखालचं सारं गेलं. मी अमरावतीले, ती दिवसभर पलंगावर. म्हनून यंत्र केलं. बेचाळीस झाले का मले फोन. सप्लाय घरीच बनवला, जुन्या ट्रान्सफॉर्मरचा. हिशोब पाचनं केला. मोजलं नाई. पाचच राह्यते म्हन्लं."

आत अण्णा घोरत होते. ठोसर त्या आवाजाकडे कान देऊन क्षणभर थांबले.

"दुपारी लाइन बसे. माह्या सप्लायचे पाचाचे होऊन जात चार पॉइंट तीन. खोलीत सदतीस, यंत्र म्हने त्रेचाळीस. फोन वाजे. मी हातातलं टाकून बडनेऱ्याले पळो, भेटन ते गाडी पकडून घरी. ती पडल्या पडल्या हासे. म्हने, आले काय? आता आलेच तर च्या मांडा. असं चारदा झालं, मॅडम. चारदा."

"मग?"

"मले समजलं होतं, यंत्र खोटं बोलून राहिलं. किती खोटं, ते मोजाचं होतं फक्त. म्हन्लं, रविवारी मोजतो." त्यांनी वहीवरून उगाच हात फिरवला. "गुरुवारी बाहेरचे परीक्षक आले होते. परीक्षा चालू. फोन वाजला. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. म्हन्लं, व्होल्टेज बसलं असन. बसलंच होतं. त्यानंच कूलरची मोटर जळली."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"मी नेहमीच्या गाडीनं घरी गेलो, संध्याकाळी," ते म्हणाले. "बडनेऱ्याले फुटाने घेतले होते तिच्यासाठी."

मी त्या माणसाची नक्कल करून लोकांना हसवत आले होते. फोन कानाला लावून मान वाकडी करायची ती नक्कल. मला तिथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. पण ठोसरांनी मीटर पुन्हा चालू केला होता. "एकशे बहात्तर," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं.

महिनाअखेर ठोसर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी तिथल्या तिथे घड्याळाचा सेल मोजला आणि म्हणाले, "बदला. महिनाभर नाई चालनार." दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांच्या खोलीत यंत्र लावलं. बॅटरीचीही सोय होती, लाइन गेली तरी चालावं म्हणून. सिम आणायला मी निघाले तर म्हणाले, "आहे माह्याजवळ एक. चालूच आहे. दर महिन्याले रिचार्ज मारत असतो." न वापरलेलं सिम इतकी वर्षं कशासाठी चालू ठेवलं, असं मी विचारलं. ते स्टुलावर चढून खिळा ठोकायला लागले.

धोक्याचा फोन आम्हा दोघांना यायचा होता, आधी त्यांना, मग मला. शिवाय रोज दुपारी बाराला यंत्र एक फोन फक्त त्यांना करायचं, आपण जिवंत आहोत एवढं कळवायला. मी तो नंबर माझ्या फोनमध्ये "अण्णांची खोली" असा साठवून घेतला. ठोसरांचं घर मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, स्कूटरने दहा-बारा मिनिटांवर. कमलकाकूंच्या घराची आणि अण्णांच्या घराची अशा दोन्ही किल्ल्या त्यांनी मागून घेतल्या.

मे महिन्यात आमच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. बाहेरचे परीक्षक आलेले, जरा कडक गृहस्थ. तोंडी परीक्षा घेत होते आणि मी शेजारी बसून गुण लिहीत होते. सव्वा वाजायला आला असेल. टेबलावर माझा फोन थरथरला. अण्णांची खोली.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. मला खोटं लिहायचं नाही. माझं बोट पहिल्यांदा लाल बटणाकडेच गेलं. एवढी चालू परीक्षा, समोर पाहुणा, आणि डोक्यात लगेच आलं की व्होल्टेज बसलं असेल. मग मला फुटाण्यांची ती पुडी आठवली. मी फोन उचलला, पेन खाली ठेवलं आणि काही न सांगता बाहेर पडले.

जिन्यातूनच ठोसरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. कॉलर ट्यूनवाल्या यंत्राचा फोनसुद्धा पहिल्या रिंगला उचलणारा माणूस माझा फोन उचलत नव्हता. कमलकाकूंचा फोन बंद, त्या वर्गावर. नवऱ्याला बोलावलं, तो गाडी घेऊन आला. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी सहा वेळा फोन लावला. नवरा म्हणत होता, होईल सगळं ठीक. मी त्याच्यावर ओरडले.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अण्णांच्या घराचं दार सताड उघडं आणि पलंग रिकामा. कूलर बंद, त्यातून जळका वास येत होता. तेवढ्यात शेजारून अण्णांची हाक ऐकू आली. "चादर वल्ली करा म्हन्लं, मले बुडवा नाई म्हन्लं!"

कमलकाकूंच्या बैठकीत, थंड फरशीवर, ओल्या चादरीत गुंडाळलेले अण्णा पडले होते. डॉक्टर येऊन गेले होते. अंग अजून तापलेलं होतं, ओठ सुकले होते, डावा हात माझ्या हातात धरून ते थोडं रडलेही. पण होते. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकवून बसले आणि किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही.

ठोसर बाहेर पायरीवर होते. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, चष्मा फुटलेला. साठीला आलेल्या त्या वाळक्या माणसाने अण्णांना पाठुंगळी घेऊन काकूंच्या घरात आणलं होतं.

"फोन का नाही उचलला?" मी विचारलं. रागावूनच विचारलं, कारण तोवर भीतीला बाहेर पडायला दुसरी वाटच सापडली नव्हती.

"हात रिकामे नोयते, मॅडम." मग म्हणाले, "यंत्रानं त्रेचाळीस सांगतलं. मी पाऱ्यानं पाह्यलं. त्रेचाळीसच होते. बरोबर सांगतलं यंत्रानं."

"किती वाजता आला होता तुम्हाला?"

"पाहा तुमीच. मले चष्म्याबिगर दिसत नाई." त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

आलेल्या फोनांची यादी उघडली. सगळ्यात वर लाल अक्षरांत माझं नाव, आठ वेळा. त्याखाली एक वाजून बारा मिनिटं: मंदा. त्याखाली बारा वाजता: मंदा. कालचे बारा: मंदा. परवाचे बारा: मंदा. बोटाने सरकवत खाली गेले. मध्ये कोणी बँकवाले, कोणी रेकॉर्ड केलेले आवाज, आणि रोज दुपारी बाराला मंदा. सगळे उचललेले.

तिच्या खोलीतल्या जुन्या यंत्राचं ते सिम होतं.

ठोसरांना कळलं मी काय वाचतेय ते. फोन परत घेत ते म्हणाले, "नंबर तोच आहे ना. नाव बदलाचं राहून गेलं." 

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ऊन अजून तितकंच होतं. मग आतून अण्णांनी हाक मारली, "साक्षीदार कुठी गेला?" आणि ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.

अण्णा तो उन्हाळा निभावले. पावसाळाही. डिसेंबरात एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा ते झोपेतच गेले होते. थंडीने नाही, उन्हाने नाही, नुसतेच वयाने.

तेरावं झाल्यावर घर रिकामं करायला गेले तेव्हा मी ठोसरांना बोलावलं, की तुमचं यंत्र घेऊन जा. ते स्टूल मांडून वर चढले. सेन्सरची वायर गुंडाळली, बोर्डाचे चार स्क्रू सैल केले आणि प्लगपाशी येऊन थांबले. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"पाच मिनिटं थांबता काय, मॅडम? बारा वाजू द्या. मंग काढतो."

मी थांबले. रिकाम्या पलंगाच्या काठावर आम्ही दोघं बसलो. बाराला यंत्रावरचा छोटा दिवा लुकलुकला आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला, कानाला लावला, हळू आवाजात म्हणाले, "हां, बोल. आहे मी." पलीकडे काहीच नव्हतं. यंत्राने आपणहून लाइन सोडेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग उठले आणि प्लग काढला.